जोडल्यावर वाढलेल्या ओळी

पत्र :

मी संख्याशास्त्रात पीएच.डी. करते आहे, दुसरं वर्ष चालू आहे. आमच्या विभागाच्या रिसर्च लॅबमध्ये आम्ही काही विद्यार्थी आणि तीन कायम कर्मचारी असे एकत्र काम करतो. विद्यापीठातल्याच दुसऱ्या एका विभागाने कुटुंबांचं सर्वेक्षण केलं, त्याचं विश्लेषण आमच्याकडे आहे. डेटा साफ करून फाइली जोडण्याचा प्रोग्राम लॅबमधल्या एका मॅडमनी लिहिलेला आहे. त्या इथे बारा वर्षं आहेत, आम्हा सगळ्यांना आर ही आकडेमोडीची संगणकभाषा त्यांनीच शिकवली. गेल्या महिन्यात मी सहज ओळी मोजल्या. व्यक्तींच्या फाइलमध्ये ४,२१८ ओळी आहेत, आणि कुटुंबांची फाइल जोडल्यावर त्या ४,३९६ होतात. शोधलं तेव्हा दिसलं की ४१ कुटुंबांचे क्रमांक कुटुंबांच्या फाइलमध्ये दोनदा आहेत, म्हणून जोडल्यावर त्यांतली माणसंही दोनदा येतात. याच डेटावरचा अहवाल त्या विभागाला गेला आहे आणि पेपर पुढच्या महिन्यात पाठवायचा आहे. माझ्या मार्गदर्शक सरांना आडून विचारलं तर म्हणाले, 'चार टक्क्यांनी काय फरक पडतो? आता मध्येच काही काढू नकोस.' मॅडमशी मी अजून काहीच बोलले नाही. पेपरवर माझं आणि सरांचं नाव असेल, स्टाफला आभारात टाकू, असंही सरांनी सांगितलंय. तेही मला पटत नाही. मी गप्प बसावं का? बोलायचं तर आधी कोणाशी? आणि मॅडम दुखावल्या तर लॅबमध्ये पुढची तीन वर्षं कशी काढू?

— एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर :

गप्प बसू नकोस. आधी मॅडमशी बोल, सरांशी नंतर, आणि सरांकडे जाशील तेव्हा मॅडम सोबत असतील असं बघ. पेपर जायच्या आत हे सगळं व्हायला हवं, म्हणजे दिवस थोडेच आहेत. म्हणून आधी कामाचं लिहिते.

'चूक सापडली' असं तू पत्रात कुठेही म्हटलेलं नाहीस, 'ओळी वाढतात' एवढंच लिहिलंस. हे मला फार आवडलं, कारण आत्ता तुझ्या हातात तेवढंच आहे. ४१ क्रमांक दोनदा आले आहेत हे खरं, पण ते का आले हे तुला अजून माहीत नाही, आणि कारण बदललं की उपायही बदलतो. घर बंद होतं म्हणून सर्वेक्षक परत गेला असेल, आणि पहिल्या भेटीचा अर्धवट फॉर्म व दुसऱ्या भेटीचा पूर्ण फॉर्म असे दोन्ही संगणकात भरले गेले असतील. तसं असेल तर पहिला काढायचा. किंवा काही फॉर्म मुद्दामच दोघांकडून भरून घेतले असतील. आकडे भरतानाच्या चुका किती होतात हे पाहायला असं करतात, आणि मग जुळवणी झाल्यावर एक प्रत काढायची राहून जाते. तिसरी शक्यता मला सगळ्यात काळजीची वाटते. एकाच घरात दोन वेगळी कुटुंबं राहत असतील आणि त्यांना १०७अ आणि १०७ब असे क्रमांक दिले असतील. तो रकाना संख्या म्हणून वाचला गेला आणि अक्षर गळालं की दोघंही १०७ होतात. आता या ओळी 'डुप्लिकेट' समजून तू त्यातली एक उडवलीस तर एक खरंखुरं कुटुंब डेटातून जाईल, आणि त्यातल्या माणसांना शेजारच्या कुटुंबाचं उत्पन्न चिकटेल. म्हणजे आत्ता आहे त्यापेक्षा वाईट.

या तिन्हींतलं नेमकं काय घडलं, हे फाइलकडे कितीही वेळ बघत बसलीस तरी कळेलच असं नाही. मॅडमना ते माहीत असेल. नाहीतर निदान फॉर्मचे गठ्ठे कुठे ठेवलेत आणि भरणी कोणी केली हे तरी त्यांना ठाऊक असेल. म्हणून आधी मॅडम. त्यांचं वय किंवा नोकरीची वर्षं हे याचं कारण नाही. तुला जे माहीत नाही ते त्यांना माहीत आहे, आणि ते कळल्याशिवाय तुझी चौकशी पुरी होत नाही.

आता सरांचे चार टक्के. सर म्हणतात त्यात थोडं तथ्य आहे, ते आधी मान्य करू. त्याच ओळी दोनदा आल्या की संगणकाला माणसं जास्त आहेत असं वाटतं आणि प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाज किती इकडेतिकडे होऊ शकतो याचं माप, खोटीच कमी होते. प्रत्येक ओळ दुप्पट झाली असती तर प्रमाण त्रुटी १.४१ ने भागली गेली असती, म्हणजे जवळपास २९ टक्क्यांनी घटली असती. तुझ्याकडे वाढ ४.२ टक्क्यांची आहे, त्यामुळे या वाटेने होणारा फरक साधारण दोन टक्क्यांचा. तेवढ्याने पेपरचे निष्कर्ष सहसा उलटत नाहीत.

पण दोनदा आलेली कुटुंबं चिठ्ठी टाकून निवडलेली नाहीत. फेरभेट दिलेली घरं असतील तर ती कोणती घरं असतात, विचार कर. पहिल्यांदा गेल्यावर दाराला कुलूप होतं ती. म्हणजे घरातले सगळे मोठे कामाला बाहेर पडतात अशी, लहान कुटुंबं, म्हातारं माणूस घरात नसलेली. तुमच्या पेपरमध्ये रोजगाराचं किंवा स्त्रियांच्या कामाचं प्रमाण काढलं असेल तर नेमकी हीच कुटुंबं दोनदा मोजली गेली आहेत आणि प्रमाण वरच्या बाजूला झुकलं आहे. शिवाय या १७८ ओळी सगळ्या सर्वेक्षणात सारख्या पसरल्या आहेत की एकाच भागात गोळा झाल्या आहेत? एखादा सर्वेक्षक किंवा भरणी करणारी एखादी व्यक्ती एवढ्याशी ते निगडित असेल, तर एकूण चार टक्के असलेलं प्रमाण त्या एका भागात वीस किंवा तीस टक्केही निघू शकतं. पेपरमध्ये भागनिहाय तक्ता असेल तर त्यातली एक ओळ पूर्ण चुकीची असेल. 'काय फरक पडतो' हा प्रश्न रास्तच आहे, फक्त त्याचं उत्तर मोजून द्यायला हवं. सरांनी ते मोजलेलं नाही आणि तूही अजून मोजलेलं नाहीस.

तेव्हा मॅडमकडे जाण्याआधी एक काम कर. त्यांच्या प्रोग्रामला हात न लावता, नवीन सेशन उघडून तो जसाच्या तसा चालव आणि अहवालातले आकडे तुझ्या मशीनवर तंतोतंत येतात का ते बघ. ही पायरी बरेच जण गाळतात. आकडे आले नाहीत तर आधी त्याचं कारण शोध. प्रोग्राममध्ये कुठे यादृच्छिक निवड असेल, बूटस्ट्रॅप (त्याच डेटातून पुन्हा पुन्हा नमुने काढणं) असेल किंवा गाळलेल्या उत्तरांच्या जागी आकडे भरले असतील, तर आरची आवृत्ती विचारात घे. २०१९ मध्ये आलेल्या ३.६.० आवृत्तीत सॅम्पल फंक्शनची आकडे निवडण्याची पद्धत बदलली, त्यामुळे सीड, म्हणजे यादृच्छिक निवड जिथून सुरू होते तो आकडा, तोच ठेवला तरी जुन्या आणि नव्या आरमध्ये वेगवेगळे नमुने निघतात. २०२० च्या ४.०.० मध्ये फाइल वाचताना मजकुराचे रकाने आपोआप फॅक्टर, म्हणजे ठरावीक गटांचे रकाने, होणं बंद झालं. बारा वर्षं वाढत आलेल्या प्रोग्राममध्ये अशा गोष्टी दडलेल्या असतात. त्यातल्या एखादीमुळे आलेला फरक तू ४१ कुटुंबांच्या माथी मारलास तर पुढचं सगळं बोलणं फुकट जाईल.

आकडे जुळले, की पेपरमधले पाच-सहा मुख्य अंदाज घे आणि ते तीन प्रकारे काढ: आत्ता आहेत तसे, दोनदा आलेल्यांतली पहिली नोंद ठेवून, आणि दुसरी नोंद ठेवून. प्रत्येकाशेजारी प्रमाण त्रुटी लिही. ४१ क्रमांकांची यादी, भागनिहाय संख्येसकट. एका पानात मावेल एवढंच. निष्कर्ष लिहू नकोस, लाल शाई वापरू नकोस.

मग मॅडमना एकट्यात गाठ. ईमेल नको, लॅबच्या बैठकीत तर नकोच, आणि आधी दुसऱ्या विद्यार्थ्यांना दाखवून 'मला दिसतंय ते बरोबर आहे ना' असं विचारणंही नको. तुला धीर हवा म्हणून तू विचारशील, पण मॅडमच्या कानावर जाईल ते असं, की त्यांच्या कामाची चर्चा त्यांच्या पाठीमागे झाली. संध्याकाळी त्या निघायच्या गडबडीत असताना नको. त्यांच्याकडे अर्धा तास मागून घे आणि साधं सांग: 'मॅडम, कुटुंबांची फाइल जोडल्यावर १७८ ओळी वाढतात. हे ४१ क्रमांक दोनदा आहेत. हे मुद्दाम ठेवलेत का? मला कारण सापडलं नाही.' पान पुढे ठेव आणि त्यांना वाचू दे. त्या वाचत असताना बोलून जागा भरू नकोस.

हा प्रश्न मनापासून विचार. उत्तर आधीच ठरवून, फक्त नम्रपणा म्हणून विचारलेला प्रश्न समोरच्याला लगेच ओळखू येतो, आणि उघड आरोपापेक्षा तो जास्त लागतो. वर लिहिलेल्या तिन्ही शक्यता खरोखर शक्यता आहेत. कदाचित मॅडम म्हणतील, 'अगं, ते पुढे वजन लावताना निम्मे करतो, तू तो भाग बघितला नाहीस.' तसं असेल तर गोष्ट तिथेच संपली, आणि तुला प्रोग्रामचा एक भाग नव्याने कळला.

आणि तसं नसेल तर? त्या गप्प होतील, किंवा 'आधीपासून असंच चाललंय' म्हणतील, किंवा चिडतीलही. तू घाबरतेस ती याच क्षणाला. म्हणून मॅडमच्या बाजूने थोडं लिहिते. तुझ्या पत्रात ती बाजू कमी आली आहे, आणि तुझी पुढची तीन वर्षं तिच्यावरच अवलंबून आहेत.

विद्यापीठाच्या लॅबमध्ये विद्यार्थी येतात आणि जातात. दर दोन वर्षांनी नवीन मुलं, आणि त्यांना तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं. प्रत्येकाची घाई शेवटच्या आठवड्यातली असते. प्रत्येक जण जाताना 'फायनल', 'फायनल२', 'खरंफायनल' नावाच्या फाइलींचं एक फोल्डर मागे सोडून जातो, आणि वर्षाने कोणी विचारलं की त्यातली खरी कोणती हे मॅडमनी सांगायचं. विद्यार्थ्याचं काम प्रबंध म्हणून बांधून कपाटात लागतं, प्राध्यापकाचं पेपर म्हणून छापलं जातं. फाइल जोडणाऱ्याचं काम सगळं नीट चालू असेपर्यंत कोणाला दिसतच नाही. ते दिसतं फक्त बिघडल्यावर. त्या माणसासमोर बारा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्याच्या प्रोग्रामबद्दल बोलायला येतं, आणि बोलतं ते १७८ जादा ओळींबद्दल. त्यांना लागलं तर त्यात गैर काही नाही. त्यांना सावरायला एक दिवस दे. त्या दिवसात सरांकडे धावू नकोस.

तांत्रिक बाजूनेही त्यांची अडचण समजून घे. आरमधलं फाइली जोडणारं जुनं मर्ज फंक्शन अशा वेळी काहीही न बोलता ओळी वाढवून देतं. आरसाठीच्या डीप्लायर नावाच्या पॅकेजच्या जोडणीत दोन्हीकडे क्रमांक एकाहून अधिक वेळा जुळले तर इशारा येतो, पण तो २०२३ च्या १.१.० आवृत्तीपासून. मॅडमनी प्रोग्राम लिहिला तेव्हा हाताशी जे होतं त्याने तोंड उघडलंच नसेल. हे त्यांना समजावून सांगायला जाऊ नकोस, त्यांना ते तुझ्याहून चांगलं ठाऊक आहे. फक्त तुझ्या मनात असू दे.

इथे मला एका बाईंबद्दल सांगायचं आहे. अमेरिकेत आयोवा स्टेटमध्ये जॉर्ज स्नेडेकर यांनी १९३३ मध्ये सांख्यिकी प्रयोगशाळा उभी केली. तुमच्या लॅबसारखंच तिचं काम चालायचं, इतर विभागांचे प्रयोग आणि आकडे तिथे येत. संगणक नव्हते, हिशोब माणसं करायची, यंत्रांवर. त्या हिशोबाच्या कामात मेरी क्लेम होत्या. गणिताची पदवी नसलेल्या. हिशोबाच्या लांबलचक तक्त्यांत चुका कुठे शिरतात हे त्यांना रोज दिसत होतं, आणि त्यांनी 'शून्य तपासणी' नावाची रीत काढली: हिशोबातच अशी एक बेरीज बसवायची की सगळं बरोबर असेल तर ती शून्य यावी. शून्य आलं नाही की थांबायचं आणि मागे जायचं. कोणी चूक केली हे विचारायची गरजच नाही, तक्ताच सांगतो.

तू ओळी मोजल्यास तेव्हा हेच केलंस. जोडल्यानंतरच्या ओळी वजा जोडण्याआधीच्या ओळी, उत्तर शून्य यायला हवं होतं, १७८ आलं. ही तपासणी आता प्रोग्राममध्येच घालायला हवी. जोडण्यापूर्वी कुटुंबांच्या फाइलमध्ये प्रत्येक क्रमांक एकदाच आहे का ते बघणारी एक ओळ, आणि जोडल्यावर ओळींची संख्या बदलली तर प्रोग्राम तिथेच थांबवणारी दुसरी. आरमध्ये स्टॉपइफनॉट या फंक्शनने एवढं काम होतं. माझा आग्रह आहे की या ओळी मॅडमच्या हातून प्रोग्राममध्ये जाव्यात, किंवा दोघींनी शेजारी बसून लिहाव्यात. तू दुरुस्त केलेली वेगळी प्रत तुझ्या फोल्डरमध्ये ठेवलीस तर लॅबमध्ये दोन प्रोग्राम होतील. तू प्रबंध देऊन गेल्यावर पुढचा विद्यार्थी जुनाच चालवेल, आणि त्याच्याही १७८ ओळी वाढतील.

मग दोघी मिळून सरांकडे जा. मॅडम स्वतः म्हणाल्या, 'सर, हे मी बघितलं, हे दुरुस्त करायला हवं,' तर सरांसमोर तुझी तक्रार येत नाही, लॅबचं म्हणणं येतं. पान तेच, फक्त आता त्यात कारण लिहिलेलं असेल आणि तीन रकान्यांऐवजी दोन: आधीचे आकडे आणि दुरुस्त आकडे. फरक नगण्य निघाला तरीही दुरुस्त आकडेच छापायचे. नगण्य आहे हे आता मोजून कळलेलं आहे, त्यामुळे दुरुस्ती करायला सरांचीही काही हरकत उरत नाही.

सर अडले तर त्यांना २०१३ ची गोष्ट आठवून दे. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या बहुतेकांना ती माहीत असते. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांच्या २०१० च्या पेपरमध्ये असं होतं की सरकारी कर्ज देशाच्या जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की सरासरी वाढीचा दर उणे ०.१ टक्क्यावर येतो. अनेक देशांत सरकारी खर्च कपातीच्या बाजूने हा आकडा सांगितला गेला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात, ॲमहर्स्टला, थॉमस हर्नडन हा पीएच.डी.चा विद्यार्थी वर्गातला एक अभ्यास म्हणून हा पेपर पुन्हा करून बघत होता आणि त्याला ते आकडे येईनात. त्याच्या शिक्षकांना आधी वाटलं, चूक या मुलाचीच असणार. त्याने पुन्हा तपासलं, मग लेखकांकडेच त्यांची एक्सेल फाइल मागितली, आणि त्यांनी ती दिली. सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी निवडायच्याच राहिल्या होत्या. शिवाय काही वर्षांची माहिती घेतलेली नव्हती आणि देशांना वजन देण्याची पद्धतही वादाची होती. हर्नडन आणि मायकेल ॲश, रॉबर्ट पॉलिन हे त्याचे दोन शिक्षक यांनी सगळं धरून हिशोब केला तेव्हा तो दर २.२ टक्के निघाला. एक्सेलमधली चूक लेखकांनी मान्य केली, बाकी मुद्द्यांवर वाद पुढे चालू राहिला.

यातल्या दोन गोष्टी तुझ्या कामाच्या आहेत. विद्यार्थ्याने आधी स्वतःचं काम पुन्हा तपासलं आणि मग फाइल मागितली, आणि नाव मोठं असूनही लेखकांनी ती दिली. आणि दुसरी: तो पेपर छापून, वापरला जाऊन तीन वर्षं झाली होती, तेव्हा हे सगळं जगासमोर झालं. तुमचा पेपर अजून टेबलावर आहे. आज दुरुस्ती म्हणजे दोन दिवसांचं काम. छापल्यावर तेच शुद्धिपत्र होतं, कधी पेपर मागे घेणं होतं, आणि त्यावर सरांचं नाव असतं. सर चिडखोर असले तरी हे गणित त्यांना कळेल.

अहवाल गेलेल्या विभागालाही कळवायचंच. ते पत्र सरांच्या सहीने जावं: अमुक तक्त्यातले हे आकडे असे वाचावेत, कारण एवढं, सुधारित अहवाल सोबत जोडला आहे. कारण एका वाक्यात. कोणाच्या हातून झालं हे त्या पत्रात येता कामा नये, आणि मसुदा तू लिहिणार असशील तर याकडे विशेष लक्ष दे.

एवढं करूनही सर 'राहू दे' म्हणाले तर? शक्यता कमी आहे, पण लिहून ठेवते. झालेल्या बोलण्याचा सारांश त्याच दिवशी त्यांना साध्या भाषेत मेल कर, पान जोडून. त्यानंतरही पेपर जुन्याच आकड्यांनी जाणार असेल तर त्यावर तुझं नाव नको असं स्पष्ट कळव. दुसऱ्या वर्षातल्या विद्यार्थिनीला हे किती जड आहे याची मला जाणीव आहे. तरीही चुकीचे आहेत हे माहीत असलेले आकडे स्वतःच्या नावाने छापू नयेत, यावर माझं मत बदलणार नाही. विभागात संशोधन समिती असते, लॅबचे प्रमुख वेगळे असतील तर ते असतात. तिथे जाणं ही चहाडी होत नाही. एक मात्र अजिबात करू नकोस: पुरावा म्हणून डेटाची प्रत स्वतःच्या लॅपटॉपवर किंवा घरी नेऊ नकोस. त्यात लोकांनी विश्वासाने दिलेली कुटुंबाची माहिती आहे. तुझं एक पान पुरेसं आहे.

राहिला नावाचा प्रश्न. तुझं मन बरोबर सांगतंय. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कोणाला म्हणावं याचे चार निकष ठरवलेत, आणि इतर विषयांतही त्यांचा आधार घेतला जातो. संकल्पना, डेटा मिळवणं, विश्लेषण किंवा अर्थ लावणं यात भरीव वाटा. मसुदा लिहिणं किंवा त्यावर कसून काम करणं. अंतिम मसुद्याला मान्यता. आणि कामाची जबाबदारी घेणं. चारही लागतात. इथेच स्टाफला बाजूला ठेवायची पळवाट काढली जाते: मॅडमनी मसुदा कुठे लिहिलाय, मग त्या लेखक कशा? पण त्याच नियमांत स्पष्ट म्हटलंय की पहिला निकष पुरा करणाऱ्या प्रत्येकाला मसुद्यावर काम करायची आणि मान्यता द्यायची संधी मिळाली पाहिजे. मसुदा दाखवायचाच नाही आणि मग वाचला नाही म्हणून नाव गाळायचं, हे त्या नियमात बसत नाही. बरीच नियतकालिकं आता क्रेडिट नावाची १४ भूमिकांची यादी भरून घेतात. त्यात डेटाची देखभाल, सॉफ्टवेअर आणि पडताळणी अशा वेगळ्या भूमिका आहेत. मॅडमचं काम त्यातल्या किमान दोन ठिकाणी ठळक बसतं. सरांसमोर ती यादी ठेवून 'या जागी कोणाचं नाव लिहू?' एवढंच विचार.

स्नेडेकरांच्या त्याच प्रयोगशाळेत गर्ट्रूड कॉक्स काम करत होत्या. १९४० मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेटमध्ये नवा विभाग निघत होता आणि त्याच्या प्रमुखपदासाठी स्नेडेकरांकडे नावं मागितली गेली. त्यांनी पाठवायला काढलेल्या यादीत सगळे पुरुष होते. कॉक्स यांनी विचारलं, माझं नाव का नाही? मग त्यांनी पत्राच्या शेवटी एक ओळ घातली की स्त्री चालणार असेल तर माझ्या स्टाफमधल्या कॉक्स यांचं नाव मी सुचवेन. निवड कॉक्स यांचीच झाली. स्नेडेकर वाईट मनाचे नव्हते, त्यांच्या डोळ्यांसमोर ते नाव आलंच नव्हतं. तुमचे सरही तसेच असतील. फरक एवढाच की कॉक्स यांनी स्वतः विचारलं. मॅडम विचारतीलच असं नाही. बारा वर्षं आभाराच्या ओळीत राहिलेलं माणूस विचारायचं सोडून देतं.

म्हणून सरांकडे हा विषय काढण्याआधी मॅडमना विचार की त्यांना लेखक व्हायचंय का. लेखक होणं म्हणजे पेपरमधल्या प्रत्येक आकड्याची जबाबदारी घेणं, आणि काहींना ती नको असते. तो त्यांचा निर्णय. पण हे ४१ कुटुंबांच्या बोलण्यात मिसळू नकोस, निदान आठवडाभर मध्ये जाऊ दे. एकाच बैठकीत 'इथे ओळी वाढतात' आणि 'तुमचं नाव घालू' असं आलं तर दुसरं पहिल्याची भरपाई वाटेल, आणि ते हक्काचं आहे. त्या हो म्हणाल्या तर मसुदा त्यांना सरांच्याच वेळी पाठव, नंतर नको. वाचायला दोघांना सारखेच दिवस दे, आणि त्यांनी सुचवलेले बदल सरांच्या बदलांइतक्याच काळजीने करून घे.